वाढत्या अंगाची सायकल

ईदचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे, ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे. बाही दोन बोटे लांब, पायजम्याला आतून दुमड, म्हणजे पुढच्या वर्षीही तोच जोडा निघतो. मोजक्या कमाईत चार मुले वाढवणाऱ्या घरांना ही रीत शोभतेच. पण हीच रीत आपण सायकलीलाही लावतो. मूल लहान, सायकल मोठी. “वाढेल की वर्षभरात,” असे म्हणून सीट अगदी खाली दाबायची आणि मुलाला वर बसवायचे. कपडा सैल असला तर फार तर वाईट दिसतो. सायकल बेमाप असली तर गुडघा, कंबर आणि खांदा दुखतो. मग घरातले म्हणतात, याला सायकल झेपत नाही. सायकल याला झेपते की नाही, हे कोणी पाहत नाही.

आम्ही दोघे शिक्षक. उर्दू आणि मराठी हे आमचे विषय. यंत्रांशी आमचा संबंध पंक्चरपुरता. तरीही गेल्या वर्षी मिरजेतल्या आमच्या घरी एक सायकल सुट्या भागांतून उभी राहिली, ती थोरल्या मुलीसाठी. त्यात जे शिकायला मिळाले ते वाचकांच्या घरी उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

दहावीपर्यंत तिची शाळा दीड किलोमीटरवर होती. फुफीच्या मुलाची जुनी सायकल ती चालवायची. अकरावीला तिने विज्ञान शाखा घेतली आणि कॉलेज विश्रामबागच्या बाजूला, घरापासून सुमारे सहा किलोमीटरवर आले. जाऊन-येऊन बारा. महिन्याभरात तिचा उजवा गुडघा पुढून दुखू लागला. जिना उतरतानाही ती कठडा धरायची. डॉक्टरांनी तपासून हाडात दोष नाही असे सांगितले, पंधरा दिवस विश्रांती दिली आणि जाताना विचारले, “सायकलची सीट किती उंच आहे?”

इकडे नातेवाईकांत मशविरा सुरू झाला. रोजची रिक्षा परवडणारी नव्हती. बसची वेळ आणि प्रॅक्टिकलची वेळ जुळत नव्हती. एका वडीलधाऱ्यांनी तर सरळ सांगितले की जवळच्या कॉलेजात कला शाखेला नाव घाला, चालत जाईल, मुलीच्या जातीला एवढी धावपळ कशाला. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, फिक्रच होती. पण मुलगी गप्प झाली. तिला भौतिकशास्त्र आवडत होते, आणि तिचा विषय आता एका गुडघ्यावर ठरणार होता.

डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर आधी शोधले. सीट अगदी तळाला होती, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असे आपल्याकडे सगळेच मानतात. सीट इतकी खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि त्या अवस्थेतच त्याला जोर लावावा लागतो. दिवसातून हजारो वेळा. सीट वर केली तर गुडघ्याला आराम, पण मग त्या सायकलीचे हँडल इतके पुढे होते की खांदे आणि मान दुखायला लागली. म्हणजे दोष एका नटाचा नव्हता. सायकल उंच मुलाच्या मापाची होती आणि आमची मुलगी चार फूट दहा इंचांची आहे.

नव्या सायकली पाहायला गेलो. दुकानात विचारतात, मुलगा की मुलगी, वय काय, बजेट काय. पायाची लांबी कोणी विचारत नाही. धाकट्याचा जीव एकवीस गिअरच्या, दोन डिस्क ब्रेकच्या, पुढे-मागे स्प्रिंग असलेल्या सायकलीवर जडला. एकवीस गिअर म्हणजे पुढे तीन दातेरी चकत्या आणि मागे सात, तीन साते एकवीस. पण त्यांतल्या बऱ्याच जोड्या जवळपास सारखाच वेग देतात, आणि स्वस्त सायकलीतल्या स्प्रिंगा मुख्यतः वजन वाढवतात. मिरज ते विश्रामबाग रस्त्याला चढ असा नाहीच. आम्हाला गिअर नको होते, माप हवे होते.

मग माळ्यावरची एक वस्तू आठवली. फुफीची लग्नाआधीची लेडीज सायकल, अठरा इंची सांगाड्याची. चाके गंजलेली, सीट फाटलेली, पण सांगाडा शाबूत. मोहल्ल्यातल्या सायकलवाल्या चाचांनी तो हातात घेऊन उजेडात फिरवला, सांधे बोटाने चाचपले, समोरचा चिमटा वाकलेला नाही हे पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, नव्या पत्र्यापेक्षा हे बरे. पण आधी बेटीचे माप आणा.”

माप दादीने घेतले. आमच्या अम्मींनी उभे आयुष्य शिवणयंत्रावर काढले आहे. टेप त्यांच्या गळ्यातच असतो. पद्धत सोपी आहे, कोणत्याही घरी जमेल. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहायचे, पाय वीतभर अंतरावर. एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून वर सीटसारखे दाबून बसवायचे, त्याची वरची कड भिंतीवर पेन्सिलने टिपायची आणि जमिनीपासून तिथपर्यंत मोजायचे. आमच्या मुलीचे माप आले ६८ सेंटिमीटर. याला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. शर्यतीचे सायकलस्वार अनेक वर्षे हा हिशेब वापरतात. आमचे उत्तर आले ६० सेंटिमीटर. जुन्या सायकलीवर हेच अंतर ५२ होते.

हा आकडा म्हणजे फक्त सुरुवात. खरी खूण पायाची. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची आणि पायडल अगदी खाली न्यायचे. गुडघा नेमका सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात जेवढा हवा तेवढाच बाक राहतो. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट फार वर आहे.

दुसरे माप क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्यावर असते त्याचे. मोठ्यांच्या बहुतेक सायकलींना हा दांडा १६५ ते १७५ मिलिमीटर असतो. चार फूट दहा इंचाच्या मुलीला आणि सहा फुटी माणसाला जवळपास तोच. चाचांनी मुलांच्या चोवीस इंची सायकलीचा १५२ मिलिमीटरचा क्रँक सुचवला. दांडा आखूड झाला की पाय लहान वर्तुळात फिरतो. खाली पायडल थोडे वर राहते म्हणून सीट आणखी सेंटिमीटरभर उचलता येते, आणि वर गुडघा कमी दुमडतो. आमच्या मुलीच्या दुखण्यावर खरा उतारा हाच ठरला.

पण आखूड दांड्याला जोर जास्त लागतो. त्यासाठी दात्यांचा हिशेब बदलावा लागला. जुन्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते होते. ४४ भागिले १८ म्हणजे २.४४. पायडलच्या एका फेरीत चाक तेवढे फिरते आणि सायकल सुमारे पाच मीटर जाते. आम्ही पुढे ४० आणि मागे २० दात्यांचे फ्रीव्हील घेतले. आता एका फेरीत चाक बरोबर दोनदा फिरते, म्हणजे चार मीटरच्या थोडे वर. पाय हलका झाला. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तरी ताशी पंधरा किलोमीटर होतात आणि कॉलेज पंचवीस मिनिटांच्या आत येते. हे गणित मुलीनेच वहीत मांडले.

त्याच सुमारास तिने वाचनालयात अमेरिकेतल्या जॉर्जिना टेरी यांच्याविषयी वाचले आणि जेवताना सांगितले. या बाई यांत्रिक अभियंता. बाजारातल्या सायकली बहुतेक स्त्रियांना लांब पडतात हे पाहून त्यांनी स्वतः सांगाडे बनवायला सुरुवात केली आणि १९८५ मध्ये स्त्रियांच्या सायकलींची कंपनी काढली. लहान सांगाड्याला मोठे पुढचे चाक लावले की वळताना पावलाचे टोक चाकाला लागते, म्हणून कारागीर सांगाडा आखूड करत नाहीत. टेरी यांनी पुढचे चाकच चोवीस इंची केले आणि मागचे मोठे ठेवले. मुलीला त्यातली एकच गोष्ट भिडली. ती म्हणाली, “म्हणजे त्यांनी बायकांना नाही सांगितलं की तुम्ही उंच व्हा.” त्यावर दादी म्हणाल्या, “अगं, जंपर तंग झाला तर आम्ही बाईला कापत नाही, जंपर उसवतो.”

मिरजेच्या लोकांना ही गोष्ट नवी वाटू नये. शस्त्रांना धार लावणाऱ्या इथल्या शिकलगार घराण्यांतले कारागीर एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याच्या कामाकडे वळले आणि त्या कामाने गावाचे नाव झाले. पुरुषी आवाजाचा तंबोरा मोठा, बायकी आवाजाचा लहान. भोपळाच तसा निवडतात. गाणाऱ्याने तंबोऱ्यासाठी आवाज बदलावा असे इथला कोणताही कारागीर म्हणणार नाही. मग सायकलीच्या बाबतीत आपण दुकानात उभे आहे तेच निमूट का उचलतो?

चाकांच्या बाबतीत खर्च मुद्दाम जास्त केला. जुन्या लोखंडी, चकचकीत रिमा पावसात ओल्या झाल्या की ब्रेक घसरतो. ॲल्युमिनियमच्या रिमेवर तो जास्त चांगला धरतो. सळीचे जुने ब्रेक रिमेच्या आतल्या बाजूला दाबतात, ते या रिमांना चालत नाहीत. म्हणून बाजूने धरणारे केबलचे ब्रेक घेतले. टायरच्या वेळी मुलीने सावधपणा दाखवला. “सव्वीस इंची” म्हणून एका दुकानातून आलेला टायर बसेना. तिने कडेवरचे बारीक आकडे वाचले: त्यावर ५५९ होते आणि आमच्या रिमेला ५९० हवे होते. सव्वीस इंच या एकाच नावाखाली वेगवेगळ्या घेरांची चाके विकली जातात. ५५९ आणि ५९० हे रिमेवर टायर बसतो तिथले मिलिमीटरमधले माप आहे. टायर घेताना इंच विचारू नका, हा आकडा जुळवा. दुकानदाराने टायर बदलून दिला.

चाके भरायला चाचांनी दोन रविवार घेतले आणि अट घातली की मुलीने शेजारी बसायचे. एका चाकाला ३६ आरे. प्रत्येक आरा हबपासून रिमेपर्यंत जाताना आपल्याच बाजूच्या तीन आऱ्यांना ओलांडतो. पहिले चाक चाचांनी भरले, दुसरे तिने. तिचे चाक दोनदा खोलावे लागले. भरून झाल्यावर चाचा प्रत्येक आरा बोटाने छेडून आवाज ऐकत होते. एकाच बाजूचे आरे सारखे वाजले तर ताण सारखा. एखादा ढिला असला की त्याचा आवाज खाली बसतो, आणि पुढे चाक तिथेच आऊट होते. दुपारच्या नमाजेला चाचा उठून गेले तेव्हा ती एकटीच आरे वाजवत बसली होती. ते परत आले तेव्हा ढिले दोन तिने बरोबर दाखवले.

कपड्याचा प्रश्न आपल्या घरांत टाळता येत नाही. लांब कुर्ता, ओढणी, अबाया यांना साखळी आणि मागचे चाक या दोन ठिकाणी धोका असतो. यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. साखळीला अर्धे नव्हे, पूर्ण बंद कव्हर. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळीचे ड्रेसगार्ड. लेडीज सांगाड्याला आडवी दांडी नसल्याने चढ-उतार सोपी होते. दादींनी अबायाच्या खालच्या कडेला आतून दोन बटणे आणि लूप शिवले. सायकलीवर बसताना ती कड वर अडकते आणि खाली सलवार असतेच. बॅगेवर त्यांनी चमकणारी पट्टीही शिवून दिली.

हेल्मेटचे माप स्कार्फ बांधूनच घ्यावे. कपाळावरून, कानांच्या वरून टेप फिरवायचा आणि तो आकडा हेल्मेटच्या आतल्या चिठ्ठीशी जुळवायचा. स्कार्फ पातळ आणि एकेरी असावा, हेल्मेटखाली पिन नसावी, अंबाडा खाली मानेवर बांधावा. हेल्मेटची कड भुवईच्या वर दोन बोटे आणि पट्ट्या कानाखाली जुळलेल्या. डोके हलवले तर ते डोक्याबरोबर हलले पाहिजे, डोक्यावर नव्हे.

खर्चाचा हिशेब लपवण्यासारखा नाही. सांगाडा घरचा. दोन्ही चाकांचे रिम, हब, आरे, टायर, ट्यूब मिळून ३,३६० रुपये. क्रँक, साखळी, फ्रीव्हील ८००. सीट, मागे वळलेले हँडल, ब्रेक १,२५०. रंग ९००. साखळी-कव्हर आणि ड्रेसगार्ड ४५०. पुढचा-मागचा दिवा आणि कुलूप १,०५०. चाचांची मजुरी १,५००. ते कमी घेत होते, आम्ही ऐकले नाही. एकूण ९,३१० रुपये, हेल्मेट वेगळे. एवढ्या पैशांत दुकानातली नवी सायकलही येते. म्हणजे आम्ही पैसे वाचवले असे नाही. तेच पैसे दिसण्यावर घालण्याऐवजी मापावर, ब्रेकवर आणि चाकांवर घातले.

एक गोष्ट मात्र सायकलीत बसवता येत नाही, ती सरावाने येते. सीट योग्य उंचीवर असली की सीटवर बसून दोन्ही पाय टेकत नाहीत. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय जमिनीवर आणि एक पायडलवर ठेवायचा. मोहल्ल्यातल्या मैदानावर फज्रनंतर आठवडाभर तिने हेच केले. पहिले दोन दिवस घाबरली. एकदा पडली, कोपर खरचटले. तिसऱ्या दिवशी दादी खुर्ची घेऊन मैदानाच्या कडेला बसल्या आणि मग ती पडली नाही.

आता आठ महिने झाले. मुसळधार पावसात ती बसने जाते आणि परीक्षेच्या दिवसांत आम्ही सोडतो. एरवी रोजचे बारा किलोमीटर सुरू आहेत. गुडघ्याने पहिल्या महिन्यात एक-दोनदा आठवण दिली, नंतर तक्रार नाही. अल्हम्दुलिल्लाह, विज्ञान शाखा सुटली नाही. ज्यांनी कला शाखा सुचवली होती, त्यांनी मध्यंतरी घरी येऊन सायकल निरखली आणि विचारले, “ही कुठे मिळते?” मिळत नाही, बनवावी लागते, असे मुलीने सांगितले.

प्रत्येकाने सांगाड्यापासून सायकल बांधावी असे आमचे म्हणणे नाही. नवी घेतलीत तरी मूल सोबत न्या. घरून पायाचे माप कागदावर लिहून न्या. सीट उचलून टाचेची परीक्षा दुकानातच घ्या. हँडल धरल्यावर कोपर थोडा दुमडलेला राहतो का पाहा. सीटच्या दांड्यावर एक रेघ कोरलेली असते, तिच्यापलीकडे दांडा बाहेर काढू नका. त्या रेघेच्या आत मूल वाढायला जेवढी जागा उरते, तेवढीच ‘वाढत्या अंगाची’ सायकल खरी. आणि मोहल्ल्यात हाताने चाक भरणारा कारागीर असेल, तर त्याला त्याचे मोल पूर्ण द्या.

दादींच्या टेपशेजारी आता एक वही असते. पहिल्या पानावर थोरलीचे ६८ सेंटिमीटर आहेत. दुसऱ्या पानावर धाकट्याचे माप आहे. एकवीस गिअरचा हट्ट अजून सुटलेला नाही, पण आधी माप एवढे त्याने मान्य केले आहे. तिसरे पान शेजारच्या घरातल्या आठवीतल्या मुलीचे आहे. तिची अम्मी परवा स्वतःच तिला घेऊन आली होती.